करप्याचं पीक

“लिमये, स्पोअर्स कुठे आहेत?”

घारपुरे साहेबांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडाकडे धरून तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा मी उत्तर दिलं होतं. तिसऱ्यांदा दिलं नाही. फ्लास्कमध्ये शिजवलेली ज्वारी होती आणि ज्वारीवर काहीही नव्हतं. हे साहेबांना दिसत होतं, मला दिसत होतं आणि दाराशी ओलं फडकं पिळत उभ्या असलेल्या गेनूभाऊंनाही दिसत होतं.

“येतील,” मी म्हटलं.

“कधी? भात कापून झाल्यावर?”

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी सरकारी नोकरीत, पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका छोट्या विभागात असिस्टंट होतो. घारपुरे साहेब माझे वरिष्ठ. ते पुण्यात बसत आणि पंधरा दिवसांनी गाडीने लोणावळ्याला येऊन मला बोलून जात. तुंगार्लीत मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला पावसाळ्यात रिकामा पडून असे. तो विभागाने घेतला होता. त्याच्या स्वयंपाकघरात माझी प्रयोगशाळा होती. ओट्यावर मायक्रोस्कोप, फडताळात फ्लास्क, चुलीच्या जागी प्रायमस आणि त्याच्यावर ऑटोक्लेव्ह. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफ कोंडून भांडी निर्जंतुक करायचं जाड पितळी पातेलं. माझ्या हाताखाली एकच माणूस, गेनूभाऊ. मावळातल्या नवलाख उंबरे गावचे, पन्नाशी ओलांडलेले. बंगल्यामागच्या खोलीतच राहायचे.

माझं काम ऐकून लोक आधी हसत आणि मग काळजीत पडत. कारण रोग मारणारा सरकारी माणूस सगळ्यांना समजतो. रोग पिकवणारा समजत नाही. मी भाताचा करपा पिकवत होतो.

करपा म्हणजे काय हे मावळात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. भाताच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. ठिपके एकमेकांत मिसळले की रोप विस्तवाशेजारी ठेवल्यासारखं दिसायला लागतं. रोग पुढे लोंबीच्या मानेपर्यंत गेला तर मान काळी पडते, लोंबी मोडून लटकते आणि आत दाणाच भरत नाही. हा सगळा उद्योग एका बुरशीचा. बुरशी धाग्यांनी वाढते आणि त्या धाग्यांवर तिचे बीजाणू धरतात. आम्ही त्यांना स्पोअर्स म्हणतो. स्पोअर हे बुरशीचं बी समजा. डोळ्यांना दिसत नाही, वाऱ्यावर जातं, ओल्या पानावर पडलं की रुजतं. नुसते धागे फवारून रोग धड लागत नाही. स्पोअर्सच लागतात, आणि तेही भरपूर.

आता हे पिकवायचं कशाला? तर कुठलं भात करप्याला दाद देत नाही हे पाहायला. रोग आपणहून येईल म्हणून वाट पाहिली तर तो एका साली येतो, एका साली येत नाही, एका बांधाला येतो आणि पलीकडच्याला सोडतो. म्हणून रोग आपण वाढवायचा, पाण्यात कालवायचा आणि सगळ्या वाणांच्या कोवळ्या रोपांवर सारखा मारायचा. जे टिकलं ते खरं. कागदावर काम इतकं सोपं आहे.

त्या साली माझ्याकडे प्रामुख्याने दोन भातं होती. एक आमच्या विभागाचं निवडलेलं, त्याला नुसता नंबर. दुसरं नाणे मावळातल्या सखाराम आबांचं. आबांनी आपल्या आंबेमोहरातून चांगल्या लोंब्या वेगळ्या काढत काढत स्वतःचं एक भात तयार केलं होतं. दाणा सुरेख, वास घरभर. आणि सलग तीन वर्षं आसपास करपा असताना आबांच्या खाचरात तो आला नव्हता. त्यामुळे गावातल्या नऊ घरांनी आबांकडे बियाणं मागितलं होतं. ती घरं ते कापणीनंतर नेणार होती आणि पुढच्या साली सगळ्या रानात तेच लावणार होती.

आबा साधे असते तर त्यांनी सरळ बियाणं वाटून टाकलं असतं. पण ते आपणहून माझ्याकडे आले. म्हणाले, “सायेब, लोक माज्या शब्दावर पेरत्याल. उद्या काळं झालं तर नऊ चुली इझत्याल. तुमी तपासून द्या. मंग मी देतो.”

आणि वर म्हणाले, “टिकणार हाय, त्याची काळजी न्हाई. पर तुमचा कागद पायजे.”

मला हा माणूस फार आवडला. खरं सांगतो, आमच्या नंबरापेक्षा आबांचंच भात टिकावं असं मला वाटत होतं. घारपुरे साहेबांचं तोंड पाहण्यासारखं होईल हेही मनात होतं. पण तपासायचं तर करपा हवा, आणि करपा येत नव्हता.

याची चीड कशी यायची ते लोणावळ्यात पावसाळा काढलेल्या माणसालाच कळेल. तिथे तेव्हा कशावरही बुरशी येते. माझ्या बुटांवर हिरवी बुरशी होती. कातडी पट्ट्यावर पांढरी. टोपीला आतून काळे ठिपके. विभागाच्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर पिवळट लव आली होती. मी आणलेल्या लोणच्यावर, गेनूभाऊंच्या भाकरीवर, दाराच्या चौकटीवर, जिथे नको तिथे बुरशी. फक्त ज्या एका ठिकाणी मी तिला पगार घेऊन बोलावत होतो, तिथे ती यायला तयार नव्हती.

बुरशी वाढवायला एरवी अगर वापरतात. चायना ग्रास म्हणतात ते. पाण्यात उकळून थंड केलं की जेलीसारखं घट्ट होतं. युद्धामुळे ते मिळेनासं झालं. माझ्याकडे चिमूटभर उरलं होतं, ते मूळ कल्चर, म्हणजे बुरशीचं विरजण, जिवंत ठेवायला लागायचं. म्हणून साहेबांनी सांगितलं, ज्वारीवर वाढवा. पद्धत चांगली होती. ज्वारी रात्रभर भिजवायची, निथळायची, फ्लास्कमध्ये भरायची, कापसाचा बोळा लावून वाफवायची. गार झाली की मूळ कल्चरचा तुकडा आत सोडायचा आणि रोज फ्लास्क हलवायचा. दोन आठवड्यांत दाणा न् दाणा बुरशीने माखतो. ज्वारीही साहेबांनीच पाठवली, विभागाच्या बियाण्याच्या गोदामातून, एक अख्खी गोणी.

पहिल्या खेपेला दहा दिवस वाट पाहिली. काही नाही. मी म्हटलं, ऑटोक्लेव्हची वाफ गळत असेल. रबर बदललं. दुसऱ्या खेपेला हात स्पिरिटने धुतले, खोलीची दारं बंद केली, गेनूभाऊंना बोलायलाही बंदी केली. पुन्हा दहा दिवस. पुन्हा काही नाही. कल्चरचा तुकडा टाकला तसा ज्वारीवर पडून होता. इकडे वाफ्यातली रोपं वाढत होती. करप्याची परीक्षा कोवळ्या रोपावरच होते, रोप जून झालं की पान रोगाला सहसा दाद देत नाही. पहिले वाफे हातचे गेले. मी आबांकडून पुन्हा बी मागवून वाफे पुन्हा पेरले.

अशा वेळी साहेब आले होते.

“कल्चर मेलं असेल,” ते म्हणाले.

“जिवंत आहे, साहेब. अगरवर रोज वाढतंय.”

“मग तुमच्या हातात दोष आहे.”

“किंवा ज्वारीत.”

“ज्वारी?” साहेबांनी चष्मा काढला. “लिमये, ती पहिल्या प्रतीची निवडक ज्वारी आहे. विभागाचं बियाणं आहे ते. एक किडका दाणा काढून दाखवा.”

किडका दाणा खरंच नव्हता.

“श्रावण संपेपर्यंत बघतो,” साहेब छत्री उघडत म्हणाले. “नाहीतर ही खोली बंद. तुम्हाला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवू. त्या म्हाताऱ्याला सांगा, त्याच्या भाताचं पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी! तोवर नऊ घरांनी बी नेऊन पेरलं असतं. कापणी झाल्यावर कोण थांबतं? टांगा गेटाबाहेर गेला आणि मी ओट्यावर मूठ आपटली. एक काचेची तबकडी फुटली. ती विभागाची होती, त्यामुळे आणखीच चिडलो.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. गेनूभाऊंच्या डब्यातला मूठभर तांदूळ घेतला, त्याचा भात दोन फ्लास्कमध्ये घातला, वाफवला आणि त्याच कल्चरचा तुकडा त्याच हातांनी आत टाकला. तिसऱ्या दिवशी भातावर पांढरी लव दिसायला लागली. म्हणजे कल्चर ठीक. वाफ ठीक. हात ठीक. दोष ज्वारीत.

मी भाताचा फ्लास्क गेनूभाऊंच्या समोर धरला आणि ओरडलो, “बघा! यावर येते! मग त्या ज्वारीला काय धाड भरलीय?”

गेनूभाऊ म्हणाले, “त्या जोंधळ्याचा वास येतोया ना, सायेब.”

“कसला वास?”

“दिवाळीला फटाकं उडवल्यावर येतो तसला. शिजवताना लय येतो. अन् भिजवल्यावर पान्यावर पिवळं पिवळं तरंगतं.”

पावसाळाभर मला सर्दी होती. कापूर नाकाशी धरला तरी कळला नसता.

“गेनूभाऊ, हे तीन आठवडे माहीत होतं तुम्हाला?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमीच म्हनला हुता, पयल्या दिशी. हितल्या कशाचा बी वास घ्यायचा न्हाई अन् हितल्या कामात नाक खुपसायचं न्हाई.”

खरं होतं. स्पिरिट आणि ॲसिडच्या बाटल्यांबद्दल मी ते बोललो होतो. मोठ्या आवाजात आणि दोनदा. गेनूभाऊंनी ते सगळ्याच कामाला लावून घेतलं, त्यात त्यांची चूक नव्हती.

“अन् म्या म्हनलं, तुमचंच कायतरी औषध आसंल,” ते पुढे म्हणाले.

औषध होतंच. मी चिमूटभर ज्वारी चमच्यात घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. दाण्यांच्या कडेला निळी ज्योत दिसली आणि पुढच्या श्वासाला असा ठसका लागला की सर्दी असूनही कळलं. गंधक.

आता ज्वारीला काणी नावाचा रोग येतो. कणसात दाण्याऐवजी काळी पूड भरते. त्यावर उपाय अगदी स्वस्त. पेरायच्या आधी बियाण्याला गंधकाची बारीक भुकटी चोळायची. गंधकाने बुरशी मरते आणि काणी येत नाही. आमचा विभाग हे शेतकऱ्यांना घसा फोडून सांगत होता. आणि विभागाचं बियाणं गोदामातून बाहेर पडण्याआधी त्याला हे औषध लागलेलं असायचं. साहेबांनी बुरशी वाढवायला मला जी ज्वारी पाठवली होती, ती बुरशी मारायला तयार केलेली होती.

मी गोणी उलटी केली. आतल्या शिवणीला एक तिकीट बांधलेलं होतं, भिजून मऊ झालेलं. “काणीसाठी औषध लावलेले. खाऊ नये.” खाली तपासनिसाची सही.

सही माझीच होती.

मागच्या हिवाळ्यात मला या गंधकाच्या मोहिमेवर लावलं होतं. बियाणं आणि गंधक पिंपात घालून ते कसं फिरवायचं हे गावोगाव दाखवायचो. परतल्यावर गोदामात बसून शेकडो तिकिटांवर सह्या केल्या होत्या. महिनाभर नखांतली पिवळी पूड गेली नव्हती. आणि हे सगळं मी विसरलो, कारण गोणीवर ‘निवडक’ लिहिलेलं होतं. गेनूभाऊंनी न विचारता चहा टाकला.

आता स्वच्छ ज्वारी हवी होती. भाताचा चिकट गोळा होतो, दाणे सुटे राहत नाहीत, त्यामुळे तो पुढच्या कामाला चालला नसता. सांगायला सोपं, पण दिवस रेशनचे. बाजारात ज्वारी मिळायची मारामार, आणि मावळात ती पिकते कुठे? इथे भात आणि नाचणी. साहेबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, की गोणीतलीच ज्वारी नीट धुऊन वापरावी, बाहेरचं धान्य घेण्यास परवानगी नाही. मी ज्वारी सात पाण्यांनी धुतली. गंधक दाण्याच्या खोबणीत बसलेलं होतं, ते हललं नाही. पत्राला उत्तर द्यायचं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात सखाराम आबा वाफे बघायला आले. मी त्यांना झालेला घोळ सांगितला. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

“म्हंजे जोंधळं पायजेत?”

“साधे. घरातले. औषध न लावलेले.”

“माजी लेक खेडच्या बाजूला दिलीया. तिच्यात जोंधळं हुत्यात. तिनं धाडल्यात पायलीभर, आमच्या घरच्या म्हातारीला भाकरीला. तिला भात पचत न्हाई.”

“नको आबा. ते खायचे आहेत.”

“मंग काय करताव? माजं भात तपासायचं ऱ्हातंय.” मग चिडून म्हणाले, “पर सायेब, खायाच्या जोंधळ्यावं रोग पिकवायचा, ह्ये काय बरं दिसतंय का?”

“नाही दिसत,” मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ते डोक्यावर घोंगडी आणि घोंगडीखाली फडक्यात बांधलेली ज्वारी घेऊन आले. पायलीतली निम्मी. निम्मी म्हातारीला ठेवली होती.

या ज्वारीवर बुरशी अशी वाढली की मला स्वतःलाच राग आला. चार दिवसांत दाणे पांढरे, आठ दिवसांत करडे. इतकं सोपं काम होतं ते! गेनूभाऊ रोज सकाळी फ्लास्क हलवत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, “ह्याचा वास न्हाई येत.”

पण अजून एक अडचण होती. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर नुसते धागेच धागे. स्पोअर क्वचित एखादा. ही बुरशी फ्लास्कमध्ये सुखात असली की आळशी होते. खायला आहे, ओल आहे, मग बी कशाला धरील? यावर एक उपाय मला ठाऊक होता. दाणे बाहेर काढायचे, पाण्यात चोळून वरचे धागे धुऊन टाकायचे आणि ओल्या कापडाखाली, उजेडात, पातळ पसरून ठेवायचे. खाणं संपत आलं, वारा लागला, की दोन दिवसांत ती घाईघाईने स्पोअर्स धरते.

पसरायला एवढी तबकं नव्हती. बंगल्यातल्या माळ्यावरून चार मोठ्या पराती काढल्या. गेनूभाऊंनी त्या घासल्या, उकळत्या पाण्याने धुतल्या आणि दाणे पसरायच्या आधी हात जोडले.

“गेनूभाऊ, हा रोग आहे.”

“असू द्या. अन्न बी हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दाण्यांवर धुरकट झाक आली होती. मी एक दाणा थेंबभर पाण्यात हलवला, थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळीकडे स्पोअर्स. छोट्या भोवऱ्यासारखा आकार, आत दोन पडदे, एका टोकाला निमुळते. इतके की मधली जागा दिसेना. मी गेनूभाऊंना ओढून आणलं आणि बघायला लावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“एवढंसं?” ते म्हणाले. “एवढ्याशानं आमची लोंबी मोडती?”

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की साहेबांना तार करावीशी वाटली. केली नाही. परवानगी कुठून आणली असती?

फवारणीच्या दिवशी आबांना बोलावलं. वाफे बंगल्यामागे होते, आसपास भातशेती नव्हती, त्यामुळे रोग पसरायची भीती नव्हती. एका बाजूला आमचा नंबर, दुसऱ्या बाजूला आबांचं भात. आबांची ज्वारी आली त्या दिवशी मी वाफे तिसऱ्यांदा पेरले होते, त्यामुळे दोन्हींची रोपं बरोबर वयाची, कोवळी, पोपटी. मी दाणे पाण्यात खळखळून धुतले, ते पाणी मलमलीतून गाळलं आणि हातपंपात भरलं. दिसायला नुसतं गढूळ पाणी.

आमच्या नंबरावर मी मारलं. आबांच्या वाफ्याकडे वळलो तर त्यांनी पंपाला हात घातला.

“माज्या भातावं मीच मारतो,” ते म्हणाले. “म्हंजे उद्या कुनी म्हनाया नको, सायबानं कमी मारलं.”

त्यांनी एकही रोप सोडलं नाही. पानाची खालची बाजूही भिजवली. नंतर आम्ही सगळ्या वाफ्यांवर ओली गोणपाटं ताणली. पान रात्रभर ओलं राहिलं तरच स्पोअर रुजतो.

पाचव्या दिवशी ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, अजून दोन दिवस थांबावं. सातव्या दिवशी थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्या नंबरावर ठिपके होते, बारीक, तपकिरी, पण रोप उभं होतं. आबांचा वाफा गेला होता. पानं टोकापासून वाळून खाली आली होती. दुरून पाहिलं तर कुणी उकळतं पाणी ओतलं असं वाटावं.

तीन महिने ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं, ते हेच होतं. स्पोअर्स आले नसते तर खोली बंद झाली असती, मी दुसऱ्या जिल्ह्यात गेलो असतो आणि आबा मावळातले सगळ्यात मानाचे शेतकरी राहिले असते. मनात हे आलं आणि मला माझीच लाज वाटली.

साहेब आले. खूश झाले. “बघा लिमये, म्हटलं नव्हतं मी?” त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. पण नंबर त्यांचा होता आणि तो टिकला होता. अहवालात त्यांनी लिहायला सांगितलं की बुरशी विभागाच्या निवडक ज्वारीवर वाढवली. मी म्हटलं, तसं लिहिणार नाही. बराच वाद झाला. शेवटी नुसतं ‘ज्वारीवर’ लिहिलं.

आबा दुसऱ्या दिवशी आले. मी काही बोलायच्या आत ते वाफ्याशी जाऊन उकिडवे बसले. एक पान तोडलं, उलटं करून पाहिलं, चुरगळून पाहिलं.

“मंग तीन वर्सं माज्या खाचरात का न्हाई आला?” त्यांनी विचारलं.

याचं उत्तर शोधायला मी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी गेलो. कामशेतला उतरून पुढे चिखलातून चालत. खाचर पाहिलं आणि मी कपाळाला हात लावला. ते खिंडीच्या तोंडाशी, उंचावर होतं. वारा असा की टोपी धरून उभं राहावं लागलं. पाऊस थांबला की घटकाभरात पानं कोरडी. अशा जागी स्पोअर पडला तरी रुजायला वेळच मिळत नाही. आणि बियाणं मागणाऱ्या नऊही घरांची खाचरं खाली, ओढ्याच्या काठाला, जिथे दुपारपर्यंत धुकं हलत नाही. हे मी जूनमध्येच येऊन पाहायला हवं होतं. पण मला स्वयंपाकघरातून बाहेर पडायला फुरसत कुठे होती!

मी आबांना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वर पाहिलं, खाली ओढ्याकडे पाहिलं.

“म्हंजे गुन भाताचा नव्हता,” ते म्हणाले. “जागंचा व्हता.”

“भात चांगलं आहे, आबा. या जागेला अजूनही चांगलं आहे. तुम्ही लावत राहा.”

“मी लावीन. पर त्यास्नी न्हाई.”

मी म्हटलं, माझा कागद देतो, तो पाटलांच्या ओट्यावर वाचून दाखवा, म्हणजे तुम्हाला बोलावं लागणार नाही. त्यांनी कागद घेतला नाही. म्हणाले, बियाणं देतो म्हणून सांगायला मी घरोघर गेलो होतो, मग देत नाही म्हणून सांगायलाही मीच जायला पाहिजे. आणि ते तसेच निघाले. मी बांधावरून पाहत होतो. पहिल्या घराच्या ओसरीवर ते उभ्या उभ्याच बोलले. आतून कुणीतरी मोठ्याने हसलं. आबा खाली उतरले आणि दुसऱ्या घराकडे वळले. नऊ घरं होती. मी तिसऱ्या घरापर्यंत पाहिलं, मग मला बघवेना.

पुढे मी या नोकरीत बरीच वर्षं काढली आणि पुष्कळ रोग पिकवले. त्या सालानंतर एक नियम केला. चाचणीच्या वाफ्यावर कुठल्याही भाताचं नाव लिहायचं नाही, मालकाचं तर नाहीच. दुसऱ्या कुणाकडून तरी नुसते आकडे टाकून घ्यायचे, आणि कुठला आकडा कुणाचा हे निकाल लागेपर्यंत स्वतःला कळू द्यायचं नाही. साहेब विचारायचे, हा नसता उपद्व्याप कशासाठी? मी सांगायचो, शास्त्रीय शिस्त. खरं कारण एवढंच, की पंप हातात असताना वाफ्यात कुणाचा चेहरा दिसला की माझा हात हलका पडेल अशी मला भीती वाटायची. आबांचा पडला नव्हता.